व्हेंटाकाठची आजी

लात्विया हा देश नकाशावर शोधायचा तर आधी चष्मा पुसून घ्यावा लागतो. बाल्टिक समुद्राच्या काठी, वर एस्टोनिया आणि खाली लिथुएनिया यांच्यामध्ये तो अंग चोरून बसला आहे. आकाराने आपल्या महाराष्ट्राचा पाचवा हिस्सा, आणि वस्ती १९ लाखांच्याही आत! असल्या देशात मराठी माणसाचे काय काम, असे कुणीही विचारील. पण माझी एक आजी तिथली. रक्ताच्या नात्याची नव्हे, भाड्याच्या खोलीने जोडलेली.

१९७४ साली नोकरीनिमित्त मी टोरोंटोला गेलो, तेव्हा तिच्या घराची माडीवरची खोली मला मिळाली. वयाने ती जेमतेम ५१ वर्षांची. पण तिच्या मुलीला नुकताच मुलगा झाला होता, आणि लात्वियन लोक आजीला लाडाने 'ओमीते' म्हणतात. महिनाभरात मीही तिला ओमीते म्हणू लागलो.

घरची शिस्त मोठी कडक. राय नावाच्या धान्याचा काळा, आंबूस पाव ती स्वतः भाजी. एकदा माझ्या हातून त्याचा तुकडा जमिनीवर पडला. तिने तो उचलला, ओठांना लावला आणि पुन्हा ताटात ठेवला. आमच्याकडे अन्नाला पाय लागला तर नमस्कार करतात, असे मी सांगताच बाई इतकी खूश झाली की त्या रात्री माझ्या ताटात बटाट्यांचा डोंगर उभा राहिला!

जेवताना आम्ही शब्दांचा खेळ खेळत असू. आपला देव तो तिचा 'दिएव्स', अग्नी तो 'उगुन्स', माता ती 'माते'. एकदा तिने डोळ्याला बोट लावून म्हटले, "असारा." मी म्हणालो, "अश्रू." भाषापंडितांना यात नवल वाटणार नाही; दोन्ही भाषा एकाच जुन्या कुळातल्या. पण त्या थंड मुलखात, घरापासून इतक्या दूर, मला मात्र माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

रविवार उजाडला की मात्र तिचा चेहरा बदले. न्याहारी होताच ती माझ्यापुढे कागद आणि पेन ठेवी. "आईला पत्र लिही." मी टंगळमंगळ केली तर कॉफी मिळत नसे. पाकीट चिकटवून होईपर्यंत ती समोर विणत बसे. पुण्यात माझी आई म्हणे, "पोरगं परदेशात जाऊन सुधारलं!" तिला कुठे ठाऊक, की पत्रामागे एक पहारेकरी बसला आहे!

या पहाऱ्याचे कारण मला पुढे कळले. ओमीते कुल्दीगा गावची. १९४० साली सोव्हिएत फौजा आल्या; १९४१ च्या १४ जूनला, एका रात्रीत सुरू झालेल्या धरपकडीत सुमारे १५ हजार माणसे गाड्यांत भरून पूर्वेकडे नेली गेली. मग जर्मन आले. १९४४ मध्ये रशियन आघाडी पुन्हा जवळ आली, तेव्हा हजारो लोक लिएपायाच्या बंदरातून जहाजाने जर्मनीला निघाले. त्यांत २१ वर्षांची ही मुलगी होती. तिची आई गाय सोडून यायला तयार झाली नाही. "महिन्याभरात परत येशील," एवढेच म्हणाली.

तो महिना काही संपला नाही. एस्लिंगेनच्या निर्वासितांच्या छावणीत तीन वर्षे गेली. मग घरकामाच्या करारावर ती कॅनडात आली, आणि तिथेच आपल्याकडच्याच एका निर्वासिताशी लग्न करून राहिली. परदेशातले पत्र आईच्या दारी जाणे म्हणजे तिच्यावर संकट ओढवणे; म्हणून तिने लिहिलेच नाही. पहिले पत्र गेले १९५६ साली. बारा वर्षे! आई १९६८ मध्ये वारली, ती पुन्हा दृष्टीस न पडताच.

दर शरद ऋतूत ओमीते लोकरीच्या हातमोज्यांचा एक जोड वेगळा काढी. तांबड्या-पांढऱ्या नक्षीचे, मनगटाशी गोंडे असलेले. ते पार्सल टपालात टाकण्याचे काम माझ्याकडे. "कुणासाठी?" असे विचारले, तर "शेजाऱ्यांसाठी," म्हणे.

१९९१ साली लात्विया पुन्हा स्वतंत्र झाला. मुलीने दोनदा तिकिटाची बोलणी केली. दोन्ही वेळा ओमीते म्हणाली, "दार उघडायला तिथं आता कोण आहे?" २००४ साली ती गेली. मुलीच्या मनात मात्र अढी राहिली: आईने आपले गाव आपल्याला दाखवलेच नाही.

शेवटी २०२४ च्या जूनमध्ये आम्ही दोघे म्हातारे निघालो. ती ७३ ची, मी ७५ चा. रीगात स्वातंत्र्यस्तंभ पाहिला. १९३५ साली उभारलेला, ४२ मीटर उंच; टोकाशी तीन तारे हातांत धरलेली स्त्री. झेपेलिन हवाई जहाजांच्या जुन्या हँगरांच्या सांगाड्यांतून उभारलेल्या बाजारात काळा पाव घेतला. दुकानदारीण मुलीचे लात्वियन ऐकून हसली. "तुम्ही माझ्या आजीसारखं बोलता!" टोरोंटोच्या घरात भाषा १९४४ सालीच थांबली होती ना!

कुल्दीगा बसने सुमारे १५० किलोमीटर. तांबड्या कौलांचे, गल्लीबोळांचे गाव. २०२३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. व्हेंटा नदीवर १८७४ चा विटांचा लांबलचक पूल, आणि त्याच्या जवळच युरोपातला सर्वांत रुंद धबधबा. जवळजवळ अडीचशे मीटर रुंद, पण उंची जेमतेम दोन मीटर! आपल्या सह्याद्रीतल्या धबधब्यांना हसू येईल. पण पोरे त्याच्या कडेवरून पाण्यातून चालत होती, आणि मला त्यांत एक वेणीवाली मुलगी उगाचच दिसत होती.

दफनभूमी पाइनच्या झाडांखाली होती. तिकडे कबरीवर वाळू पसरून तिच्यावर दाताळ्याने रेघा ओढतात, आपल्याकडे सडा घालून रांगोळी काढावी तशा. आईच्या आईची कबर गवतात शोधावी लागेल, या तयारीने आम्ही गेलो होतो. पाहतो तो वाळू स्वच्छ, रेघा ताज्या!

शेजारच्या कबरीशी सत्तरीची एक बाई फुले लावत होती. नाव ऐकताच ती उठून उभी राहिली. "म्हणजे हातमोजेवालीची मुलगी!"

१९६८ पासून आधी तिच्या आईने आणि मग तिने ही कबर सांभाळली होती. दर हिवाळ्यापूर्वी टोरोंटोहून एक जोड येई. शेवटचा २००३ साली आला. "येणं थांबलं, तेव्हा आम्ही समजलो," ती म्हणाली.

"पण त्यानंतर वीस वर्षं तुम्ही..." मुलीला पुढे बोलवेना.

बाईला प्रश्नच कळला नाही. "शेजारची कबर गवतात टाकून मी माझ्या आईपुढं कुठल्या तोंडानं उभी राहू?"

मुलीने दाताळे मागून घेतले. मागे मागे सरकत, आपल्या पावलांचे ठसे पुसत रेघा कशा ओढायच्या, ते त्या बाईने तिला शिकवले. काम संपल्यावर मुलगी म्हणाली, "आई इथं येतच होती की. मलाच ठाऊक नव्हतं." आणि मग ती रडली.

निघताना तिने त्या बाईचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याचे माप उतरवून घेतले. आईच्या नक्षीचा नमुना टोरोंटोच्या कपाटात होताच. नोव्हेंबरात मला पुण्याला तिचे पत्र आले: जोड पोचला, अगदी बरोबर बसला, फक्त गोंडे आईसारखे जमले नाहीत.