रणांगणावरील उठाबशा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझा पुतण्या आमचे घरीं राहावयास आला, व त्याच्या पाठोपाठ एक युद्धहि घरांत शिरलें. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या खेळाचें नांव आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नकोच. पालकांकरितां इतकेंच सांगतों कीं, सुमारें १०० खेळाडू विमानांतून एका ओसाड बेटावर उड्या टाकितात, सांपडतील तीं शस्त्रें उचलतात, आणि जो संघ अखेरपर्यंत टिकेल तो जिंकतो. संघ बहुधा चौघांचा असतो. खेळाडू आपापल्या घरीं बसलेले. पण संघांतील सोबत्यांस परस्परांचे आवाज ऐकूं येतात. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

पहिले आठ दिवस मी केवळ प्रेक्षक होतों. वीस वर्षें वर्गांत उभें राहून मुलांचें वर्तन न्याहाळण्याची संवय जडलेली. तेव्हां या बेटावरील लोकांच्या चालीरीती पाहून त्यांची उपपत्ति लाविल्यावांचून मला राहवेना.

शत्रु पडला रे पडला कीं त्यास पाडणारा वीर त्याच्याजवळ जाऊन भराभर उठाबशा काढूं लागतो! शाळेंत उठाबशा ही शिक्षा. येथें तोच विजयोत्सव. माझी उपपत्ति अशी कीं, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंतील शारीरिक शिक्षा बंद झाल्यामुळें ज्यांच्या वांट्याच्या उठाबशा राहून गेल्या, ते बिचारे येथें जुनें ऋण फेडीत असावे. “काका, ती चिडवायची रीत आहे,” पुतण्या म्हणाला. रीत जुनीहि आहे. ‘हेलो’सारख्या खेळांत ती पूर्वींच बोकाळली होती. बटणें दाबून चटकन साधेल असा अंगविक्षेप म्हणजे खालीं बसणें व उठणें. तेव्हां वेडावून दाखविण्याचें काम त्याच्याकडेच आलें.

दुसरे कांहीं जण बेडकाप्रमाणें उड्या मारीत चालतात. मला वाटलें, वाळू तापली असेल. परंतु येथें उपपत्तीपेक्षां इतिहास अधिक मौजेचा निघाला. १९९६ च्या ‘क्वेक’ या खेळाच्या रचनेंत अशी फट राहिली होती कीं, सारख्या उड्या मारणाऱ्यास जमिनीचें घर्षण लागत नसे, व तो धांवणाऱ्याच्याहि पुढें निघून जाई. या बेटावर तो लाभ नाहीं. पण उडणाऱ्यावर नेम धरणें अवघड, म्हणून उड्या राहिल्या.

एक गृहस्थ तर बंदूक सोडून तळण्याचा तवाच हातीं धरून धांवत होता. तें पाहून माझी पत्नी म्हणाली, “शंभरांत एकाला तरी स्वयंपाकाची काळजी आहे!” वस्तुतः त्या तव्यावर गोळी अडते, व तो मागें लटकविला म्हणजे पाठीच्या खालच्या भागाचें रक्षण करितो.

या विषयावर विद्वानांनींहि लेखणी झिजविली आहे. असल्या बहुजनांच्या खेळांतील अगदीं आरंभींचा एक खेळ इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत १९७८ सालीं सुरू झाला. त्याच्या दोघां रचनाकारांपैकीं रिचर्ड बार्टल यांनीं १९९६ सालीं खेळाडूंचे पत्त्यांप्रमाणें चार रंग पाडिले. संपत्ति व पद मिळविणारे ते चौकट, खोदून खोदून शोध घेणारे इस्पिक, गप्पांसाठीं येणारे बदाम आणि इतरांस छळण्यांत सुख मानणारे किलवर. (माझ्या आजीच्या घरांत पत्त्यांस मज्जाव होता, हें वर्गीकरण तिला आवडलें नसतें.) पुढें २००४ सालीं अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनीं लिहिलें कीं, आपणांस कोणी ओळखीत नाहीं, कोणी पाहात नाहीं, असें वाटलें म्हणजे मनुष्याचा संकोच सुटतो. त्याच वर्षीं ‘पेनी आर्केड’ या व्यंगचित्रमालिकेंत हेंच एका समीकरणांत मांडलें गेलें: साधा माणूस, अधिक निनांवीपणा, अधिक प्रेक्षक. बरोबरच्या चिन्हापुढील शब्द आमच्या संपादकांस छापतां येणार नाहीं.

हें सर्व मीं दुसऱ्यांविषयीं म्हणून वाचलें व मान डोलाविली.

अखेर मींहि ‘वाघ्या’ असें नांव घेऊन बंदूक उचलली. एके रात्रीं गल्लींतील एका मुलानें आपला वर्गमित्र चौथा म्हणून आणिला. तो एक अक्षर बोलेना. ऐन लढाईंत मला गोळी लागली. अशा वेळीं सोबत्यानें येऊन हात दिला तर पडलेला पुन्हां उठतो. मी सरपटत होतों, आणि चौथा दहा पावलांवर एका भिंतीकडे तोंड करून निश्चल उभा! पुतण्या म्हणाला, झोपला. त्याचा मित्र म्हणाला, मौनव्रत आहे. मी मात्र ओरडलों, “अरे दगडा!” आणि पुढें जें बोललों, तें वीस वर्षांत कधींहि वर्गांत बोललों नव्हतों. “काका, आतां तुम्ही खरे खेळाडू झालांत!” पुतण्या हंसून म्हणाला, व मीहि हंसलों.

जूनमध्यें शाळा उघडली. नववीचा तास संपल्यावर एक विद्यार्थी मागें रेंगाळला. पुढील मजकूर त्याच्या व त्याच्या वडिलांच्या संमतीनें लिहीत आहें.

“सर, त्या रात्रीं मी मुद्दाम उभा राहिलों नव्हतों. फोन बाबांचा आहे. त्यांची रात्रपाळी असते. निघतांना ते फोन मागतात.”

“मग तसें सांगावयाचें होतेंस!”

“तुमचा आवाज ओळखला, सर. बोलायची भीति वाटली.”

मला कांहीं सुचेना. तोच पुढें म्हणाला, “तुम्ही बोललांत तेव्हां फोन बाबांच्या हातांत होता. त्यांनीं विचारलं, हा कोण मोठा माणूस? मीं नांव सांगितलं नाहीं.” घंटा झाली, तसा तो पुढच्या तासाला धांवत गेला.

त्या रविवारीं मी त्याच्या घरीं गेलों. दार वडिलांनींच उघडलें. मीं “नमस्कार” म्हटलें मात्र, ते कडीवरचा हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहात राहिले.