तेरची उमेदवारी

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांतल्या एका रस्त्याच्या टोकाला माझी मावशी राहत असे. तिच्याकडून भाकरीचा डबा घेऊन सकाळी निघायचे. मुरूड, ढोकी आणि मग तेर. नांदेडला इतिहास शिकत असताना तेरच्या संग्रहालयात दीड महिना उमेदवारी करायला मिळाली, तेव्हाची ही गोष्ट. पगार नव्हता. काम सांगायला सोपे होते: वस्तू पुसायची, मोजायची आणि तिचे कार्ड लिहायचे. कार्ड मात्र इंग्रजीत!

तेर म्हणजे गोरोबाकाकांचे गाव. तेरणेच्या काठी विटांचे त्रिविक्रमाचे देऊळ आहे. त्याची मागची बाजू अर्धगोल. मुळात तो बौद्धांचा चैत्य असावा, असे जाणकार म्हणतात. गावाभोवती पांढरीची टेकाडे. पाऊस पडून गेला की मातीतून मणी, नाणी, खापरे वर येतात. गावच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू गोळा केल्या. त्यांतून हे संग्रहालय उभे राहिले आणि त्याला नावही त्यांचेच आहे. येथे एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. हाताच्या वितीत मावेल एवढी. पण तिच्यासारखीच दुसरी १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली! इसवी सन ७९ मध्ये ते शहर ज्वालामुखीने गाडले गेले, त्याच्या आधी केव्हातरी ती मूर्ती आपल्या देशातून समुद्रापार गेली असली पाहिजे. मूर्तीसमोर उभे राहिले की ढोकीच्या एस.टी.ची वेळ हटकून चुके.

इंग्रजी मी परीक्षेपुरते शिकले होते. त्या इंग्रजीत डॅफोडिलची फुले होती, रांजणाचा काठ नव्हता. म्हणून उत्खननांचे अहवाल उघडून त्यांतले शब्द उतरवून काढायचे, असा माझा शिरस्ता. तळहाताएवढा, भाजक्या मातीचा, खरबरीत असा एक तुकडा आला. अहवालातल्या चित्राशी ताडून पाहिला आणि ‘स्किन रबर’ असे लिहून मोकळी झाले. पुढे शाळेच्या मुलांसाठी मराठी पाट्या करायच्या ठरल्या, तेव्हा मी त्या वस्तूपुढे लिहिले, ‘चामडी रबर’.

साहेब चष्मा काढून हसले. “सातवाहनांच्या काळात रबर कुठून आणलेत, बाई?”

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. झाडलोट करणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी वाकून पाहिले आणि म्हणाल्या, “अगं माय, वजरी हाय की ही! टाचा घासायची. ह्येला पुस्तक कशाला बघायचं?”

वजरी! आमच्या नांदेडच्या न्हाणीत वजरी होती. दर दिवाळीला आजी तिने आमच्या टाचा लाल होईतो घाशी. ती वस्तू आठ दिवस माझ्या टेबलावर पडून होती आणि मी तिला ओळखले नाही; कारण ती माझ्याकडे इंग्रजीतून आली होती.

त्या रात्री मावशीच्या माडीवर मला आजोबा आठवले. निजामी अमदानीत ते कंधारला कारकून होते. घरात मराठी, कचेरीत उर्दू. १९४८ साली संस्थान गेले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि पुढे या गृहस्थांना आपल्याच मातृभाषेत टिपण लिहायला शिकावे लागले. मुलाची कित्ता-वही घेऊन ते रात्री कंदिलापाशी बसत, असे आजी सांगे. रोजनिशी मात्र त्यांनी अखेरपर्यंत उर्दूतच लिहिली. आमच्या घरात ती कोणाला वाचता येत नाही. कापडात बांधून फडताळात ठेवली आहे.

सकाळी मी कार्ड पुन्हा लिहिले. वर रोमन लिपीत ‘वजरी’, आणि खाली इंग्रजीत, टाचा व अंग घासण्याची.

“अहवालात असा शब्द नाही,” साहेब म्हणाले.

पहिल्या शतकातल्या कोणा ग्रीक दर्यावर्दीने आपल्या टिपणात या गावाची नोंद केली आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे मोठे शहर आहे आणि तिथले कापड गाड्यांतून भडोचला येते, असे त्याने लिहून ठेवले. त्या नोंदीतले तगर म्हणजे हेच तेर, हे फ्लीटसाहेबाने १९०१ साली दाखवून दिले. मी धीर करून म्हणाले, “त्या ग्रीकाने तरी तगरचे भाषांतर कुठे केले, सर? नाव तसेच ठेवले, म्हणून तर गाव सापडले.”

साहेब थोडा वेळ कार्डाकडे पाहत राहिले. मग पेनचे टोपण काढून त्यांनी कोपऱ्यात सही केली.

दुपारी मावशी काच पुसायला आल्या. त्यांना ना ती लिपी येत होती, ना ही. “काय लिव्हलंय गं?” त्यांनी विचारले.

“वजरी.”

“मग बरोबर हाय,” म्हणाल्या, आणि बादली घेऊन पुढच्या कपाटाकडे गेल्या.