खांदा, गोधडी आणि विरार लोकल

सोमवारची सकाळ. विरारहून सुटणारी गाडी असूनही सीट हुकलेली. नालासोपाऱ्याची गर्दी आत घुसायच्या आधी कडी धरावी म्हणून उजवा हात वर केला, तर तो खांद्यापर्यंत जाऊन थांबला. पुढे जायलाच तयार नाही! अंधेरीपर्यंत डाव्या हातानं लटकत गेले. ऑफिसात निदान लगेच झालं. ‘माऊस! दुसरं काय?’

बिचारा माऊस. खरा गुन्हा माझ्या वीकएन्डचा होता. शनिवार-रविवार मिळून दहा तास मी मशीनवर गोधडी शिवत होते.

आगाशीच्या आजीची चार लुगडी आमच्या कपाटात कित्येक वर्षं पडून होती. त्यांची गोधडी आईच शिवणार होती. पण घरी बसून बावीस वर्षं लोकांच्या साड्यांना फॉल-पिको करून तिचा खांदा असा धरला, की पोह्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवायलाही तिला मला हाक मारावी लागते. तेव्हा म्हटलं, आपण शिवू. पोर्टेबल इलेक्ट्रिक मशीन ऑनलाइन मागवलं, डायनिंग टेबलावर मांडलं आणि झाले सुरू.

फिजिओथेरपिस्टनं पहिला प्रश्न विचारला, ‘‘मॅडम, मशीन ठेवता कशावर?’’ मग म्हणाला, ‘‘समोर मशीन आहे असं समजून बसा बघू.’’ मी बसले. आरसा समोरच होता. माझे खांदे जवळजवळ कानाला टेकले होते!

घरी येऊन टेप काढली. डायनिंग टेबल ३० इंच. मशीनचा पाटा त्याच्या वर आणखी तीन, म्हणजे ३३. आणि खुर्चीत बसल्यावर माझं कोपर जमिनीपासून २६ इंचांवर. म्हणजे दहा तास मी हात सात इंच अधांतरी धरून बसले होते. नियम एवढाच, की कोपर काटकोनात आणि हात पाट्यावर सपाट हवेत. माझं शाळेतलं अभ्यासाचं टेबल माळ्यावर धूळ खात होतं, ते २४ इंचांचं निघालं. खुर्चीवर एक कडक उशी टाकली आणि हिशेब जुळला. आणखी एक चूक सापडली. मी मशीनच्या मधोमध बसत होते आणि सुई असते डावीकडे, त्यामुळे कंबर सतत पिळलेली. आता सुई बरोबर नाकासमोर आणि पायडल पायाखाली, लांब पाय ताणून नाही.

पण उंची हा अर्धाच प्रश्न होता. उरलेला अर्धा आईनं सोडवला. म्हणाली, ‘‘अगं, आजी गोधडी शिवायची तेव्हा गोधडी पडून राहायची आणि आजी सरकायची. तुझी सुई बसलीये जागेवर, आणि सगळी गोधडी तू ओढतेयस.’’

खरंच की! ओटीवर पसरलेल्या गोधडीचं वजन जमीन पेलते. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंदी हातानं शिवतात, आणि तीही कडेपासून सुरू करून आत, मध्यापर्यंत. मशीनवर सगळं उलटं. सुरुवात मधून करायची, नाहीतर मध्ये झोळ येतो. आणि कापड टेबलाखाली लोंबलं, की प्रत्येक टाक्याला ते वजन आपला खांदा ओढतो. आमची चार लुगडी अडीच किलो भरली!

मग जुगाड सुरू. टेबल भिंतीला लावलं, म्हणजे गोधडी मागे घसरत नाही. डावीकडे इस्त्रीचं टेबल मशीनच्या पाट्याच्या उंचीला आणून उभं केलं आणि उरलेली गोधडी त्यावर टाकली. थर आधी जमिनीवर पसरून कच्च्या टाक्यांनी जोडून घेतले, म्हणजे मशीनवर सारखं सावरत बसायला नको. मशीनला वॉकिंग फूट लावला. एरवी खालचे दाते खालचं कापड पुढे नेतात आणि वरचं मागे राहतं. हा फूट दोन्ही बरोबर चालवतो, त्यामुळे हातांनी रेटावं लागत नाही. बोटांना रबराचे ठिपके असलेले हातमोजे घातले, तर कापड आवळून धरावं लागत नाही, नुसतं तळव्यानं सरकतं. आणि सगळ्यात मोठी सुटका म्हणजे अख्खी गोधडी एकदम शिवायची नाही. तीन पट्ट्या वेगवेगळ्या शिवायच्या आणि शेवटी जोडायच्या. अडीच किलोंऐवजी एका वेळी किलोभरच ओढायचं.

शिवाय मोबाइलवर २५ मिनिटांचा गजर. वाजला की उठायचं, खांदे मागे फिरवायचे, खिडकीतून जीवदानीचा डोंगर बघायचा. ‘एवढी एक ओळ संपवते’ म्हणायचं नाही. दुखणं त्याच एका ओळीत असतं. आणि हाताला मुंग्या येत असतील किंवा विश्रांतीनंही दुखणं कमी होत नसेल, तर बाम चोळत बसू नका, डॉक्टर गाठा.

परवा आई शेजारी येऊन बसली. इस्त्रीचं टेबल, उशी, गजर सगळं बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘मी त्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायचे.’’ पाठ नसलेलं, बुटकं निळं स्टूल. ते मला चांगलं आठवतं. बावीस वर्षं हात वर आणि मान खाली. त्या स्टुलावरूनच माझ्या कॉलेजची फी निघाली. खांदा धरला तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, ‘वय झालं.’ टेप घरातच होती, तिच्याच गळ्यात लटकलेली. तिची उंची मोजावी असं कुणालाच सुचलं नाही.

मी उठले, खुर्चीत तिला बसवलं. ती माझ्यापेक्षा बुटकी, म्हणून अजून एक उशी आणि पायाखाली पाट. पायडल पाटावर. तिनं दहा मिनिटं मधली पट्टी शिवली. टाके माझ्यापेक्षा सरळ, अर्थातच. गजर वाजायच्या आधीच उठली, ‘‘बास’’ म्हणाली. खांदा काही बरा झालेला नाही. पोह्यांचा डबा अजून मीच ठेवते.

माझा हात मात्र कडीपर्यंत पोचायला लागलाय. एक पट्टी बाकी आहे. रविवारी तिची दहा मिनिटं, बाकीची माझी.