ब्रेनरच्या पलीकडे

व्हेरोनाहून म्यूनिकला जाणारी गाडी ब्रेनर खिंडीतल्या स्टेशनात थोडी रेंगाळते. खाली इटलीत वरच्या तारेतून ३,००० व्होल्टचा डीसी प्रवाह वाहतो, पुढे ऑस्ट्रियात १५,००० व्होल्टचा एसी. विजेला सरहद्द अजून कळते. माणसांना ती जाणवू नये म्हणून पाच देशांनी १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीतल्या एका बोटीवर करार केला. तो अमलात यायला १९९५ उजाडलं. पुढे एकेक देश त्यात येत गेला. मला ही व्यवस्था मनापासून आवडते. शतकभर एकमेकांच्या उरावर बसलेल्या देशांनी आपापले अडसर स्वतःच्या हातांनी काढावेत, ही लहान गोष्ट नाही. याच ब्रेनर स्टेशनात मार्च १९४० मध्ये हिटलर आणि मुसोलिनी रेल्वेच्या डब्यात बसून युद्धाची बोलणी करत होते.

मी या गाडीने गेले, तेव्हा माझ्याजवळ पासपोर्ट नव्हता. व्हेरोनात पर्स चोरीला गेली, त्यात पासपोर्ट आणि त्याच्याच पानावर चिकटवलेला व्हिसाही गेला. उरला तो इटालियन पोलिसांकडे नोंदवलेल्या तक्रारीचा शिक्क्याचा कागद आणि फोनमधला पासपोर्टच्या पानाचा फोटो. बहीण म्यूनिकला, भारताचा वाणिज्य दूतावासही तिथेच. म्हणून निघाले. खिडकीबाहेर द्राक्षांचे मळे मागे पडत होते, आणि मी मात्र माझं नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं मनात घोकत होते. जन्मभर सोबत असलेली माहिती, पण कागद नसला की ती पाठ करावीशी वाटते.

ऑस्ट्रियातून जर्मनीत शिरताना २०१५ पासून पुन्हा तपासणी होते. पोलिस डब्यात चढले. ते सगळ्यांना कागद विचारत नव्हते. आधी चेहरे पाहत होते आणि मग विचारत होते. रुळांवरून पुसलेली रेघ अशी चेहऱ्यांवर उमटते, हे मला तिथे कळलं, आणि अजून सलतं. माझा कागद, फोटो, मग वायरलेसवर बराच वेळ बोलणं; शेवटी मान हलली. पलीकडच्या बाकावरच्या एका मुलाला मात्र खाली उतरवलं. विशी तरी गाठली असेल का त्याने?

त्या मुलावरून मन सप्टेंबर १९४० मधल्या पोर्तबूला गेलं. फ्रान्सच्या सरहद्दीवरचं हे स्पेनमधलं रेल्वेगाव. वॉल्टर बेन्यामिन हा जर्मन ज्यू विचारवंत पिरेनीज पर्वत पायी ओलांडून तिथे पोहोचला. अमेरिकेचा व्हिसा होता, स्पेनमधून जाण्याची परवानगी होती; फ्रान्समधून बाहेर पडण्याचा परवाना तेवढा नव्हता. परत पाठवणार, असं त्याला सांगण्यात आलं. त्या रात्री तिथल्या हॉटेलात त्याने जीव दिला.

माझा पासपोर्ट हरवला होता, पण माझं नाव एका देशाच्या दप्तरात होतं. ज्याला देशच नाही, त्याने काय करायचं? हा प्रश्न फ्रिट्यॉफ नान्सेन या नॉर्वेच्या ध्रुवसंशोधकाने धसास लावला. राष्ट्रसंघाच्या वतीने त्याने १९२२ मध्ये देश गमावलेल्या रशियन निर्वासितांसाठी ओळखपत्र काढलं. पुढे ते आर्मेनियनांनाही मिळालं. संगीतकार स्ट्राविन्स्की, कादंबरीकार नाबोकोव्ह त्याच कागदावर सरहद्दी ओलांडत होते. नान्सेनच्या ध्रुवप्रदेशातल्या मोहिमांपेक्षा हे काम मला मोठं वाटतं.

म्यूनिकमध्ये अर्ज भरताना समजलं, की तातडीचा दाखला लवकर मिळतो, पण तो एकाच प्रवासाला चालतो: भारतात परतण्यासाठी. इतर कुठे जायचं असेल तर नवा पासपोर्ट घ्यायला हवा. मला त्या अटीने हायसं वाटलं. नान्सेनच्या लोकांना मात्र कुठेही जाता येईल असा कागद हवा होता, फक्त घरी नाही.