पुलाचं आरोग्य कोण विचारतं?

हेब्बाळला राहणाऱ्या माणसाला कुठलंही अंतर विचारा, तो मिनिटांतच सांगेल. विमानतळाकडे जाणारा रस्ता आणि रिंगरोड इथे एकमेकांत अडकतात. त्या गुंत्यावर २००३ पासून आमचा उड्डाणपूल उभा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याला नवा लूप जोडला, खर्च सुमारे ८० कोटी. मेखरी सर्कलकडे जाताना तो रोज उपयोगी पडतो, उगाच नाक कशाला मुरडू?

पण माझं माहेर महाडचं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, एसटीच्या दोन गाड्या घेऊन गेला. त्या पुलावरून मी किती वेळा गेले असेन, मोजदाद नाही. पुढच्या जूनमध्ये तिथे नवा पूल वाहतुकीला खुला झाला. म्हणजे मनात आलं तर दहा महिन्यांत पूल होतो! १५ जून २०२५ ला इंद्रायणीवर कुंडमळ्याचा लोखंडी पूल रविवारच्या गर्दीने कोसळला, चार जण गेले. तो धोकादायक आहे हे आधीच माहीत होतं.

आता आमच्या बंगळुरूची एक गोष्ट ऐका. तुमकूर रस्त्यावरचा पीण्याचा उड्डाणपूल डिसेंबर २०२१ मध्ये अचानक बंद केला. अशा पुलाच्या काँक्रीटच्या पोटात ताणलेल्या पोलादी केबल असतात, भार त्याच पेलतात. पाणी शिरून त्या गंजल्या तरी बाहेरून रंग तसाच छान दिसतो. तिथे केबलमध्येच दोष सापडला. लहान गाड्या दोनेक महिन्यांत सुरू झाल्या, पण ट्रक आणि बसना जुलै २०२४ उजाडला. लोकांनी काय शिव्या घातल्या! मीही तासन्तास खालच्या गर्दीत अडकले आहे. तरी मला विचाराल तर हा या शहराचा सर्वांत चांगला निर्णय. कुणीतरी वेळेवर आत डोकावून पाहिलं, आणि एकही माणूस दगावला नाही.

अशा कामाची फीत कापता येत नाही, हीच अडचण. २०१६ मध्ये हेब्बाळपर्यंत पोलादी उड्डाणपूल होणार होता, जवळपास १,८०० कोटींचा, ८१२ झाडं तोडून. लोक साखळी करून रस्त्यावर उभे राहिले आणि २०१७ मध्ये तो रद्द झाला. आता हेब्बाळ ते सिल्क बोर्ड बोगद्याची चर्चा आहे, हजारो कोटींची. त्याची चित्रं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. जुन्या पुलाचे सांधे, बेअरिंग, पाणी निघायची भोकं यांचं चित्र कोण पाठवणार?

लिफ्टमध्ये तपासणीची तारीख लिहिलेली असते, अग्निशामक नळकांड्यावरही असते. मग ज्या पुलावरून आपली मुलं रोज शाळेत जातात, त्याच्या खांबावर का नको? माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. कर्नाटकात तो दीडशे शब्दांत बसवावा लागतो, पण माझे प्रश्न तीनच आहेत: शेवटची तपासणी कधी झाली, कुणी केली, त्यात काय सापडलं. अर्ज कन्नडमधून करायचा आहे, म्हणून शेजारच्या काकूंकडून तपासून घेते आहे. तुमच्या गावच्या पुलासाठी हाच मजकूर हवा असेल तर खुशाल घ्या.