दिवाडीची खाजणे

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की प्रवासी दिवाडीच्या बेटावर उतरतो. पिएदादच्या टेकडीवर, चर्चच्या प्रांगणात उभे राहिले असता नदीपलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. बहुतेक प्रवासी तेवढेच पाहून परततात. वाचकांनी मात्र दृष्टी जरा खाली वळवावी. नदीच्या कडेने पसरलेली ती सखल, सपाट भूमी म्हणजे खाजण. भरतीचे खारे पाणी या शेतांहून उंच चढते, आणि तरीही तेथे भात पिकते.

हे नवल दोन गोष्टींनी साधले आहे. पहिली, माती, पेंढा व जांभा दगड यांचा बांध. दुसरी, मानस, म्हणजे बांधातील पाण्याचे दार. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच मानशीची लाकडी झडपे मिटतात. ओहोटी लागली की आतले पाणी ती ढकलून नदीला मिळते. पावसाच्या पाण्याने मातीतील खार धुऊन निघतो आणि कोरगुट नावाचे भात पेरले जाते. ते नव्या बियाण्यांइतके उतरत नसेल, पण खाऱ्या मातीत तग धरते. मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासळीही धरतात. भात आणि कालवण, दोन्हींची सोय एकाच जमिनीत!

गोव्यात अशी खाजणे सुमारे १८,००० हेक्टर आहेत. त्यांचे बांध एकट्यादुकट्या शेतकऱ्याने राखलेले नाहीत. ते काम गावकरी संस्थेचे, जिला पुढे कोमुनिदाद म्हणू लागले. १५२६ साली पोर्तुगीजांनी तिचे रीतिरिवाज लिहून काढले, तेव्हाही ती जुनीच होती. मानशीवरील मासेमारीचा लिलाव होई आणि त्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी चाले. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यास संरक्षण मिळाले, हे न्यायाचेच झाले. परंतु बांधाचा भार कुळांच्या संघांवर आला, तेव्हा जुनी शिस्त सर्वत्र टिकली नाही. कोठे अधिक मासळीच्या लोभाने भरतीच्या वेळी मानस उघडी ठेवतात, तर कोठे फुटलेला बांध तसाच राहतो. खारे पाणी शिरले की ते एकाचे शेत पाहून थांबत नाही. साऱ्या खाजणातील भात जाते आणि तेथे खारफुटी माजते.

दिवाडीसमोरच, एला येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून ‘गोवा धान १’ व ‘गोवा धान २’ हे खार सोसणारे वाण दिले आहेत. बियाणे संस्था देईल. बांध मात्र गावानेच राखला पाहिजे.

राय गावी दरवर्षी ५ ऑगस्टला नव्या कणसांना आशीर्वाद दिला जातो. कणसांच्या फेस्तात चालणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने पावसाळ्यापूर्वी एकदा तरी आपल्या बांधावरून चालून यावे. खेकड्याने पोखरलेले बीळ तेव्हा चार मुठी चिखलाने बुजते. जुलैत त्याचेच भगदाड होते.