मधली दोन पानं

वर्तमानपत्र वाचायचं तर पहिल्या पानावरच्या नावापासून शेवटच्या पानावरच्या मुद्रक-प्रकाशकांच्या ओळीपर्यंत, अशी आमच्या सासूबाईंची सवय. बेळगावात शहापूरच्या मराठी शाळेतून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांनी स्वतःला एकच बक्षीस दिलं होतं. वाचनालयातून एका वेळी दोन पुस्तकं आणता येतील, अशी वर्गणी भरली होती.

मग त्या दाराच्या चौकटीला धडकू लागल्या. आम्हाला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. तो काचबिंदू होता. हा आजार नजरेच्या कडा गुपचूप खात येतो, दुखत नाही, खुपत नाही. गेलेली नजर परत येत नाही. औषधानं उरलेली टिकवायची, एवढंच हाती असतं. आमच्या बाबतीत उरलं होतं तेच थोडं. (घरात कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर बाकीच्यांनीही डोळे तपासून घ्यावेत. आमच्या घरी हे शहाणपण उशिराच आलं.)

वाचन थांबलं तेव्हा मी म्हटलं, "आई, मी वाचून दाखवीन ना!" रोज रात्री जेवणं आटोपली की अर्धा तास. पहिले काही महिने छान गेले. पुढे परीक्षा आल्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी येऊ लागले. डोळ्यांवर झोप असायची. एकदा कादंबरीत नदीकाठाचं लांबलचक वर्णन आलं, ते मी हळूच गाळलं आणि पुढच्या संवादावर उडी मारली.

सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मधली दोन पानं वाऱ्यानं उलटली वाटतं."

पंखासुद्धा बंद होता. मी काय बोलणार? दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन बसले तर म्हणाल्या, "आज नको गं, डोकं जड झालंय." तिसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याभरात वाचन आपोआप बंद पडलं. त्यांनी तक्रार केली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

मग शोधाशोध सुरू झाली. आधी ब्रेल सुचलं. पण मधुमेहानं बोटं बधिर झालेली. उठावाचे ठिपके त्यांना वेगळे लागेनात. पुण्याच्या भाच्यानं मोबाइलवर बोलती पुस्तकं घालून दिली. स्टोरीटेलसारखी ॲप २०१७ मध्ये आपल्याकडे आली, त्यात मराठी पुस्तकं छान वाचलेली असतात. पण मोबाइलची काच गुळगुळीत. बोट कुठंतरी लागायचं आणि पुस्तक पळून जायचं. मोबाइलच्या यांत्रिक आवाजाकडून मजकूर वाचून घेतला, तर म्हणाल्या, "हा नवीन मास्तर फार घाईत दिसतो. याला घंटा व्हायची वाट."

वाट दाखवली माझ्याच वर्गातल्या एका विद्यार्थ्यानं. तो जन्मापासून दृष्टिहीन. त्यानं विचारलं, "मॅडम, डेझी माहीत आहे?" मला फुलच आठवलं. डेझी हा बोलत्या पुस्तकांचा एक प्रमाणित साचा. त्यासाठीचा जागतिक संघ १९९६ मध्ये स्थापन झाला. साध्या कॅसेटमध्ये पुढं-मागं नुसतं चाचपडायचं; इथं पुस्तकाला अनुक्रमणिका असते. प्रकरणावरून प्रकरणावर, पानावरून पानावर जाता येतं, खूण ठेवता येते, वाचनाचा वेग कमी करता येतो. यंत्र बंद केलं तरी आपण कुठं थांबलो ते त्याच्या लक्षात राहतं.

ही पुस्तकं मिळण्याची जागा म्हणजे २४ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झालेलं 'सुगम्य पुस्तकालय'. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, त्यामुळे छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकाचं असं रूपांतर करता येतं. मात्र ते त्यांच्यापुरतंच. म्हणून सदस्य संस्थेमार्फत नाव नोंदवायचं आणि सोबत अपंगत्वाचा दाखला जोडायचा.

इथं गाडी अडली. "मी काय अपंग आहे?" सासूबाईंनी विचारलं. चार वर्षं घरात भिंतीला धरून चालणाऱ्या बाईनं हे विचारलं, आणि आम्हा कुणाला उत्तर सुचलं नाही. महिना असाच गेला. शेवटी एका रात्री त्याच म्हणाल्या, "कागदावर काय लिहायचं ते लिहू दे. पुस्तक मिळतंय ना?" दाखल्यासाठी तीन खेपा झाल्या, त्यातल्या दोन दुसऱ्या मजल्यापर्यंत. त्या जिना मोजत चढल्या.

यंत्र आलं त्या रविवारी विद्यार्थी घरी आला. उठावाची बटणं, हाताच्या तळव्यात मावेल एवढी पेटी. सुरू करण्याचं बटण चटकन सापडावं म्हणून त्यानं त्यावर काहीतरी खरखरीत चिकटवायला सांगितलं. मी माझी खड्याची टिकली लावली. निवृत्त बाई आणि विशीतला पोरगा तासभर शेजारी बसून बटणं घोकत होते. त्यांना हवं होतं ते पुस्तक यादीत नव्हतं, म्हणून एका आत्मचरित्रापासून सुरुवात झाली.

चार दिवसांनी रात्री मी स्वयंपाकघरात ओटा पुसत होते. आतून तोच परिच्छेद पुन्हा ऐकू आला. मग तिसऱ्यांदा. यंत्र अडकलं म्हणून हात पुसत धावले. त्या म्हणाल्या, "बिघडलं नाही गं. आवडला तो भाग, म्हणून परत ऐकते."

मी दारातच थांबले. इतके महिने मी वाचून दाखवलं, पण 'ते पुन्हा वाच' असं त्यांनी मला एकदाही म्हटलं नव्हतं. दिवसभर दमून आलेल्या सुनेला ते कसं म्हणणार? मला वाटायचं, वाचलेलं कानावर पडलं की झालं. पण थांबणं, मागं जाणं, कंटाळा आला तर आपणच दोन पानं गाळणं हेही वाचनच असतं. ते त्यांच्या हातात परत आलं होतं.

आता पुस्तकं त्यांची त्या ऐकतात. वर्तमानपत्र मात्र माझ्याकडेच आहे. गल्लीतल्या कुणाचं लग्न ठरलं, कोण गेलं, हे कुठल्या यंत्रात मिळणार? सकाळी चहाबरोबर मी वाचते. अगदी मुद्रक-प्रकाशकांच्या ओळीपर्यंत.